सरकारी वकील आणि मतपेटी

नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणखी जवळपास ८१ हजार मते मिळाली असती, तर एलिझाबेथ होल्ट्झमन सिनेटर झाल्या असत्या. ती मिळाली नाहीत. वर्षभरात त्या ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नीपदासाठी, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकीलपदासाठी उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. कोणावर खटला भरायचा, कोणाला सोडायचे, कोणाशी तडजोड करायची, हे पुढची आठ वर्षे त्यांच्या कार्यालयात ठरत राहिले. सिनेटचे दार बंद झाले, दुसऱ्या पदाचे उघडले, अशा सहजतेने अमेरिकेत या वाटचालीकडे पाहिले जाते. मला त्यात मोठा धोका दिसतो. महाराष्ट्रात २०२४ पासून विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांच्याबाबत जे घडले ते पाहता हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे.

होल्ट्झमन यांचे उदाहरण मी मुद्दाम घेतो आहे. पदाचा दुरुपयोग करणारे सरकारी वकील अमेरिकेत बरेच सापडतील. पण तशा माणसावर उभा केलेला युक्तिवाद लंगडा राहतो, कारण दोष माणसाचा की व्यवस्थेचा हे कळत नाही. होल्ट्झमन बुद्धिमान होत्या, निर्भीड होत्या, आणि त्यांच्या बहुतेक भूमिका काळाने योग्य ठरवल्या. एवढी चांगली व्यक्ती त्या खुर्चीत बसल्यावरही जे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

१९७२ ची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण निवडणूक किती सुंदर काम करू शकते याचा तो नमुना आहे. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या आणि हार्वर्डमध्ये कायदा शिकलेल्या होल्ट्झमन तेव्हा तीस वर्षांच्या होत्या. समोर होते त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर. वय ८४, प्रतिनिधिगृहात १९२३ पासून सलग, न्यायविषयक समितीचे अध्यक्ष, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे आणि १९६५ च्या स्थलांतर कायद्याचे एक शिल्पकार. हा दुसरा कायदा मराठी घरांना परका नाही. राष्ट्रनिहाय कोटा त्यानेच काढून टाकला, आणि त्यानंतरच आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ शकले. अशा माणसाला पक्षांतर्गत निवडणुकीत आव्हान देणे म्हणजे वेडेपणा, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते. पण सेलर यांनी स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला वर्षानुवर्षे विरोध केला होता, व्हिएतनाम युद्धाने लोक विटले होते, आणि या तरुण वकील बाईंनी रस्त्यावर उभे राहून एकेका मतदाराशी बोलण्याचा सपाटा लावला. त्या सुमारे ६०० मतांनी जिंकल्या. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेली सर्वांत तरुण स्त्री हा त्यांचा विक्रम पुढे ४२ वर्षे टिकला.

मतदारांनी त्यांना पाठवले ते कायदे करायला आणि सत्तेला जाब विचारायला, आणि हे काम त्यांनी चोख केले. काँग्रेसच्या मंजुरीशिवाय कंबोडियावर चाललेल्या बॉम्बफेकीविरुद्ध १९७३ मध्ये त्या न्यायालयात गेल्या. ब्रुकलिनमधल्या न्यायाधीशांनी बॉम्बफेक थांबवण्याचा आदेश दिला, तो वरच्या न्यायालयांत टिकला नाही, पण युद्ध सुरू असताना अध्यक्षाला अशा प्रकारे कोर्टात खेचणे ही साधी गोष्ट नव्हती. १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाची कलमे मंजूर करणाऱ्या समितीत त्या होत्या. त्याच वर्षी निक्सन यांना माफी देणारे अध्यक्ष फोर्ड समितीपुढे आले, तेव्हा काही सौदा झाला होता का, हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न त्यांनी तोंडावर विचारला. अमेरिकेत लपून राहिलेल्या नाझी गुन्हेगारांना देशाबाहेर काढण्याची तरतूद १९७८ मध्ये कायद्यात आली, ती त्यांच्याच पाठपुराव्याने. लोकप्रतिनिधीने पक्ष घ्यावा, आवाज चढवावा, वर्तमानपत्रांत झळकावे. ते त्याचे कामच आहे.

मग १९८० आले. सिनेटच्या उमेदवारीसाठी न्यूयॉर्कचे माजी महापौर जॉन लिंडसे यांच्यासह तिघांना त्यांनी मागे टाकले. प्रत्यक्ष निवडणुकीत जुने रिपब्लिकन सिनेटर जेकब जॅव्हिट्स स्वतःच्या पक्षात हरूनही लिबरल पक्षाच्या नावावर मैदानात राहिले आणि सुमारे ११ टक्के मते घेऊन गेले. अल्फोन्स डीअमाटो ४५ टक्क्यांवर निवडून आले, होल्ट्झमन ४४ च्या आसपास थांबल्या. तिरंगी लढतीत असे होते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

ब्रुकलिनचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नीपद १९८१ मध्ये मोकळे होत होते. न्यूयॉर्कमध्ये १८४६ च्या राज्यघटनेपासून हे पद लोकनियुक्त आहे आणि मुदत चार वर्षांची. आज अमेरिकेतल्या ५० पैकी ४६ राज्यांत स्थानिक सरकारी वकील मतांनी निवडले जातात. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रुजली ती चांगल्या हेतूने: गव्हर्नर आपल्या मर्जीतले वकील नेमतात आणि तेच मग न्याय वाटतात, हे लोकांना नको होते. पण पद किती ताकदीचे आहे ते पाहा. आपल्याकडे तपास पोलीस करतात, आरोपपत्रही तेच दाखल करतात, आणि सरकारी वकील मुख्यतः कोर्टात उभा राहतो. अमेरिकेत गुन्हा कोणता लावायचा हे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी ठरवतो, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षा खटला न चालताच, आरोपीने गुन्हा कबूल करून केलेल्या तडजोडीतून होतात. ती तडजोड मांडणारा हाच माणूस. अमेरिकेतल्या इतर कोणाहीपेक्षा माणसाचे आयुष्य, स्वातंत्र्य आणि अब्रू यांवर सरकारी वकिलाची सत्ता जास्त असते, असे १९४० मध्ये तेव्हाचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी सांगून ठेवले होते. होल्ट्झमन यांनी त्याआधी एक दिवसही सरकारी वकील म्हणून काम केलेले नव्हते. त्यांच्यापाशी नाव होते, आणि नावावर निवडणूक जिंकता येते.

त्यांनी त्या पदावर केलेले चांगले काम मी झाकणार नाही. न्यूयॉर्क शहरातल्या त्या पहिल्या महिला डिस्ट्रिक्ट अॅटर्नी. ज्युरी निवडताना काळ्या नागरिकांना केवळ वर्णामुळे वगळण्याची सरकारी वकिलांची जुनी सवय त्यांनी उघडपणे चुकीची ठरवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ही सवय घटनाबाह्य ठरवली, त्याआधीपासून त्या हे म्हणत होत्या. बलात्काराच्या खटल्यांत पीडितेला मिळणारी वागणूक बदलावी म्हणून त्या झगडल्या.

आणि याच झगड्यात १९८७ च्या डिसेंबरमधला तो प्रसंग घडला. त्यांच्या कार्यालयातल्या एका कनिष्ठ वकिलाने टिपण दिले होते की एका लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात न्यायाधीशांनी पीडित स्त्रीला हल्ल्याच्या वेळची स्थिती जमिनीवर ओणवे होऊन दाखवायला लावली. होल्ट्झमन यांनी न्यायाधीशांविरुद्ध पत्र लिहिले आणि ते वर्तमानपत्रांना दिले. खटल्याच्या कामकाजाची नोंद मिळण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. टिपण देणाऱ्या वकिलाशीही त्या स्वतः बोलल्या नव्हत्या. चौकशीत आरोपाला आधार सापडला नाही. वकिलांच्या शिस्तपालन समितीने त्यांना लेखी समज दिली, आणि न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९९१ मध्ये ती कायम केली.

मी त्यांच्या हेतूवर शंका घेत नाही. न्यायालयांत स्त्रियांचा अपमान होत होता हे खरेच होते, आणि त्यांचा संताप प्रामाणिक होता. माझा मुद्दा सवयीचा आहे. आठ वर्षे त्या काँग्रेसमध्ये होत्या. तिथे अन्याय कानावर आला की पत्र काढायचे, पत्रकारांना बोलवायचे, आवाज उठवायचा, आणि चूक निघाली तर सभागृहात दुरुस्त करायची. सरकारी वकिलाला आधी कागद पाहावा लागतो, कारण त्याच्या एका वाक्याने कोणाची तरी अब्रू जाते आणि ती परत देण्याची सोय कोणत्याच कायद्यात नाही. त्याचे काम खटला जिंकणे नसून न्याय होईल हे पाहणे आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्येच म्हटले होते. पण चार वर्षांनी ज्याला मते मागायची आहेत, त्याच्यासाठी न भरलेला खटला कोणत्या सभेत सांगण्यासारखा असतो? पुरावा अपुरा होता म्हणून मी अमुक माणसाला घरी जाऊ दिले, या कामगिरीवर कोणी टाळी देत नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो तुरुंगात असतो, त्याला मतच नसते. न्यूयॉर्कमध्ये गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला नाही, भारतात तर नुसत्या कच्च्या कैद्यालाही नाही.

डिस्ट्रिक्ट अॅटर्नीची खुर्ची होल्ट्झमन यांची शेवटची नव्हती. १९८९ मध्ये त्या न्यूयॉर्क शहराच्या नियंत्रक, म्हणजे शहराच्या तिजोरीच्या रखवालदार म्हणून निवडून आल्या. १९९२ मध्ये पुन्हा सिनेटची ओढ लागली. पक्षांतर्गत लढतीत समोर जेराल्डिन फेरारो होत्या, १९८४ च्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार. फेरारो यांच्या कुटुंबाचे संबंध संशयास्पद लोकांशी असल्याच्या जाहिराती होल्ट्झमन यांच्या प्रचाराने चालवल्या. ज्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे दोघींना पाठिंबा दिला होता, त्या हादरल्या. रॉबर्ट अब्राम्स थोडक्यात जिंकले, फेरारो दुसऱ्या, आणि होल्ट्झमन शेवटच्या, चौथ्या. त्या प्रचारासाठी घेतलेले साडेचार लाख डॉलरचे बँककर्ज पुढे अडचणीचे ठरले, कारण त्याच बँकेशी संबंधित कंपनीला शहराच्या रोख्यांचे काम मिळाले होते. १९९३ मध्ये नियंत्रकपदाच्या पक्षांतर्गत फेरलढतीत अॅलन हेव्हेसी यांनी त्यांना मोठ्या फरकाने हरवले. जवळपास तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी त्या पुन्हा काँग्रेससाठी उभ्या राहिल्या आणि बऱ्याच मागे पडल्या. ती जागा डॅनियल गोल्डमन यांनी जिंकली. तेही माजी सरकारी वकील, मात्र केंद्र सरकारने नेमलेले, आणि ट्रम्प यांच्यावरच्या पहिल्या महाभियोगात चौकशी चालवून घराघरांत पोहोचलेले.

या सगळ्या चढउतारात ब्रुकलिनच्या फौजदारी न्यायाचे काय झाले? तोच खरा प्रश्न आहे, आणि उमेदवाराच्या चरित्रात तो नेहमी हरवतो. होल्ट्झमन यांच्यानंतर चार्ल्स हाइन्स आले. हॉवर्ड बीच इथल्या वंशद्वेषी हल्ल्याच्या गाजलेल्या खटल्यात ते विशेष सरकारी वकील होते, आणि त्या प्रसिद्धीवर त्यांनी १९८९ ची निवडणूक जिंकली. ते त्या पदावर २४ वर्षे राहिले, मधल्या काळात राज्याचे अॅटर्नी जनरल आणि मग गव्हर्नर होण्याचाही प्रयत्न करून पाहिला. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस चुकीच्या शिक्षांची प्रकरणे एकामागून एक बाहेर येऊ लागली. १९९१ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरलेला एक माणूस २०१३ मध्ये सुटला. केनेथ थॉम्पसन यांनी त्याच वर्षी हाइन्स यांचा पराभव केला आणि जुन्या शिक्षा तपासणारा विभाग जोमाने चालवला. २०१४ मध्ये तीन सावत्र भावांच्या १९८० च्या दशकातल्या शिक्षा रद्द झाल्या. त्यातला एक तोपर्यंत तुरुंगातच मरण पावला होता. ती प्रकरणे होल्ट्झमन यांच्या काळातली.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. हाइन्स यांना कोणी हटवले? मतदारांनी. नेमणुकीची पद्धत असती तर ते हटले असते का? कदाचित नसतेच. म्हणजे निवडणुकीत उत्तरदायित्व आहे, हे मी मान्य करतो. पण त्याची गती पाहा. अमेरिकेत पदावर असलेल्या बहुसंख्य डिस्ट्रिक्ट अॅटर्नींना निवडणुकीत विरोधी उमेदवारच नसतो. लढतच नसेल तर उत्तर मागणार कोण? पंचवीस वर्षांनी एकदा लोकांचे लक्ष जाते आणि मग साफसफाई होते. आमदार-खासदाराच्या बाबतीत ही दिरंगाई आपण सोसतो. ज्याने ती वर्षे कोठडीत काढली त्याने ती का सोसावी?

आता महाराष्ट्र. आपल्याकडे सरकारी वकील निवडून येत नाहीत, म्हणून आपण सुरक्षित आहोत असा समज आहे. उज्ज्वल निकम यांची वाटचाल त्या समजाला तडा देते. १९९३ चे बॉम्बस्फोट आणि २६/११ हे खटले त्यांनी चालवले, त्यात घातलेले कष्ट मोठे होते आणि राज्याने त्यांचे उतराई व्हावे असेच होते. पण कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती, कसाबबद्दल निर्माण होत असलेली सहानुभूती थांबवण्यासाठी ती माध्यमांना सांगितली होती, हे त्यांनीच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले. ज्या खटल्यात पुरावा डोंगराएवढा होता, तिथेही सरकारी वकिलाला कोर्टाबाहेरच्या लोकमताची काळजी वाटावी, याचे मला अजून दुःख आहे. २०२४ मध्ये ते मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून भाजपचे उमेदवार झाले आणि वर्षा गायकवाड यांच्याकडून १६ हजारांवर मतांनी हरले. निकालानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने त्यांना पुन्हा खटले दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाच्या खटल्यात त्यांची नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली.

मस्साजोगच्या गावकऱ्यांनीच निकम हवेत अशी मागणी केली होती, हे सांगितले पाहिजे. त्यांचा विश्वास खरा होता आणि त्यांचे दुःख मोठे होते. पण त्या खटल्यातल्या एका मुख्य आरोपीची जवळीक सत्ताधारी आघाडीतल्या मंत्र्याशी होती. अशा वेळी खटला चालवणारा वकील सत्ताधारी पक्षाचा कालचा उमेदवार असेल, तर तो कितीही कठोरपणे लढला तरी एक बाजू म्हणणार की त्याने कोणाला तरी वाचवले, आणि दुसरी म्हणणार की त्याने कोणाला तरी अडकवले. उद्या शिक्षा झाली तर तिच्यावर संशयाचा डाग राहील, आणि तो डाग त्या कुटुंबाच्या वाट्याला येईल.

आपल्या नेमणूक पद्धतीत ही फट आधीपासूनच आहे. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका आदेशाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एकदम काढून टाकले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि हे पद सरकारच्या लहरीवर चालणारे नाही, असे बजावले. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाची नेमणूक करताना निदान सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून यादी तयार करण्याची तरतूद कायद्यात आहे. एखाद्या विशिष्ट खटल्यासाठी नेमल्या जाणाऱ्या विशेष सरकारी वकिलासाठी तीही नाही. दहा वर्षे वकिली झालेली असली की सरकारला वाटेल त्याला नेमता येते. सर्वांत गाजणारे खटले नेमके याच वाटेने जातात.

म्हणून मला एक ठोस नियम हवा आहे. ज्याने राज्याच्या वतीने फौजदारी खटले चालवले, त्याने ते काम सोडल्यावर तीन वर्षे कोणत्याही सभागृहाची निवडणूक लढवू नये आणि नियुक्तीही घेऊ नये. ज्याने पक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढवली, त्याला पाच वर्षे विशेष सरकारी वकील नेमू नये. आणि विशेष सरकारी वकिलाची प्रत्येक नेमणूक उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून, कारणे लिहून व्हावी. हे नागरिकाच्या हक्कावर अतिक्रमण आहे, असा आक्षेप येईल. पण निवृत्त सनदी अधिकाऱ्याला खासगी कंपनीत नोकरी धरायची तर एक वर्ष थांबावे लागते किंवा सरकारची परवानगी काढावी लागते, आणि ते आपण योग्यच मानतो. कंपनीला गैरफायदा मिळू नये म्हणून एवढी काळजी घेणारा देश माणसाच्या स्वातंत्र्यासाठी त्याहून कमी काळजी घेतो, हे कसे चालेल?

असा नियम ब्रुकलिनमध्ये असता तर होल्ट्झमन यांना १९८१ मध्ये दोन्हींपैकी एकच निवडावे लागले असते: पुन्हा राजकारण, किंवा फौजदारी न्याय. त्या काँग्रेसमध्ये परतल्या असत्या, असे मला वाटते, आणि अमेरिकेला त्याचा अधिक फायदा झाला असता. मस्साजोगच्या खटल्यासाठी सरकारला दुसरा वकील शोधावा लागला असता. महाराष्ट्रात त्या ताकदीचा दुसरा फौजदारी वकील नाही, असे खरोखरच कोणाचे म्हणणे असेल, तर तो तालुक्या-तालुक्यांतल्या कोर्टांत अपुऱ्या मानधनावर, टंकलेखकाविना, एका दिवसात डझनभर प्रकरणे हाताळणाऱ्या सरकारी वकिलांकडे केलेल्या दुर्लक्षाचा परिणाम आहे, आणि कामाला सुरुवात तिथून करावी लागेल.